कंबर सव्वातीन इंच

शाळा सुरू होऊन महिना उलटला की युनिफॉर्मचं काम सैल पडतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आम्हा शिलाईवाल्या बायकांना तेवढीच काय ती उसंत. त्या दिवसांत मी बाहुल्यांचे जुन्या फॅशनचे कपडे शिवते. घरचे हसतात, हसू देत.

असंच एकदा दुपारी एक निवृत्त शिक्षिका आल्या. पिशवीतून रुमालात गुंडाळलेली बार्बी काढली. त्यांच्या मामांनी अमेरिकेहून आणलेली. आखूड, फुगवलेले केस, तळपायावर ‘जपान’ आणि कमरेखाली १९५८ साल.

“म्हणजे अठ्ठावन्नची ना?”

“नाही काकू, ते साल कॉपीराइटचं. बार्बी बाजारात आली मार्च १९५९ मध्ये. आणि हे असे केस १९६१ पासूनचे.”

त्यांचा चेहरा जरा पडला. बाहुलीचे कान हिरवे झाले होते, त्यांना ती बुरशी वाटत होती. कानातल्याच्या धातूत तांबं असतं, ते बाहुलीच्या व्हिनाइलमध्ये, म्हणजे मऊ प्लास्टिकमध्ये उतरतं. साबणानं घासून काही जात नाही.

फ्रॉक लाल टाफेटाचा, म्हणजे चमकदार, कडक कापडाचा, घड्यांवर चिरलेला. हुबेहूब तसाच नवा हवा होता. म्हटलं, उसवल्याशिवाय कटिंग कळणार नाही. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “उसवा. पण माझ्यासमोर.” आणि स्टूल ओढून बसल्याच.

ब्लेडनं एकेक टाका कापत गेले. आत पांढऱ्या तलम सुती कापडाचं अस्तर, पाठीला टिचबटणं, छातीखाली दोन टक्स. कंबर अरुंद, खाली घेर, ही तऱ्हा मुळात क्रिस्तियां दिओर या शिंप्यानं १९४७ साली पॅरिसमध्ये आणली. बार्बीचे सुरुवातीचे कपडे शार्लट जॉन्सन यांनी डिझाइन केले आणि जपानमध्ये शिवून घेतले. हे सगळं मला वाचून माहीत होतं. शिवण मात्र आत्ता बोटांत आली.

एवढा घेर, पण कमरेला चुण्या जवळजवळ नाहीतच! सगळा घेर अंब्रेला कटमधून काढलेला. का, ते लगेच लक्षात आलं. बाहुली माणसाच्या एक षष्ठांश, कंबर सव्वातीन इंच. पण कापडाची जाडी काही सहा पटींनी कमी होत नाही. आपली साधी पॉपलीन तिच्या अंगावर म्हणजे सोलापुरी चादरच. तिथं चुण्या घातल्या तर कंबर कुठली, गाठोडंच दिसणार. लहान करायचं म्हणजे मापाला सहानं भागायचं नाही, काय काय गाळायचं ते ठरवायचं.

कागदावर तुकडे उतरवून घेतले आणि मशिनवर बसले. सुई नऊ नंबरची, टाका बारीक. एवढासा तुकडा सुईखालच्या भोकात ओढला जातो, म्हणून खाली पातळ कागद ठेवून शिवायचं आणि मग कागद फाडून काढायचा. बाही आधी सपाट जोडायची, बाजूची शिलाई नंतर. बाही गोल करून मग बसवायला आपलं बोटच आत मावत नाही. अस्तर पांढऱ्या टू बाय टू रुबियाचं लावलं, कारण लाल रंग व्हिनाइलला लागला की कायमचा. तरी टाफेटाचा तुकडा ओल्या फडक्यावर चोळून पाहिला, रंग उतरला नाही.

घालताना तिची बोटं शिवणीत अडकतात, म्हणून पंजावर पॉलिथीनची पट्टी गुंडाळली. फ्रॉक सरकन वर गेला. टिचबटण लावलं, कमरेला सुरकुती नाही! काकूंनी तिला दोनदा फिरवून पाहिलं आणि शिलाई विचारली. मी आकडा सांगितला.

शेजारची अक्का बिड्यांचं सूप घेऊन दारात बसली होती. “वीतभर चिंधीला ब्लाउजएवढे पैसे?”

मी तोंड उघडायच्या आत काकूच म्हणाल्या, “या इथं बसून एक बाही लावून दाखवा, दुप्पट देते.”

अक्का हसत हसत सूप उचलून घरी गेली.