भुलाबाईची गाणी आणि 24 फ्रेम

भुलाबाईच्या गाण्यांचा अल्बम आम्ही नागपुरात केला, 11 मिनिटांच्या एका ॲनिमेशनपटासोबत. चित्रं मैत्रिणीची, संगीत माझं, पैसे दोघांच्या खिशातले. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर भुलाबाई, म्हणजे पार्वती, बसते, पोरी टिपऱ्या घेऊन घरोघरी गातात. माझ्या लहानपणी नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी हे चालायचं. आता गाणी पाठ असलेल्या बाया शोधाव्या लागतात, म्हणून हा खटाटोप.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते लयीपायी. फिल्म सेकंदाला 24 फ्रेमची, म्हणजे सेकंदात 24 स्थिर चौकटी सरकतात. मिनिटाला 90 ठोके धरले की एक ठोका बरोबर 16 फ्रेमचा होतो आणि टिपरीवर टिपरी कुठे पडणार ते चित्रकाराला आधीच कळतं. मैत्रिणीने त्या हिशोबाने कच्ची चित्रं काढूनही ठेवली होती. मी 90चा क्लिक, म्हणजे लय धरायला हेडफोनमध्ये वाजणारी टकटक, घेऊन उमरेड रोडवरच्या एका गावात गेलो. गाणाऱ्या आजी पंचाहत्तरीच्या. पडवीत चहूकडे गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला. ऑक्टोबरची उकाड्याची दुपार. हेडफोन लावून आजी एक ओळ गायल्या आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"हे टकटक काऊन लावलं बाबू? कोणी मांगून हाकलून राह्यलं असं वाटते मले."

क्लिक बंद केला. दोन सुना आणि शेजारच्या तिघी जणी आल्या, आणि मग गाणं लागलं. सुरुवात 84च्या आसपास, खिरापतीपर्यंत लय पार 96वर. ओळ संपली की आजी श्वास घेतात, तेवढा वेळ बाकीच्या टिपऱ्या थांबवून धरतात. घरी येऊन एक गाणं मी कंप्युटरवर ताणून 90च्या चौकटीत बसवून पाहिलं. तो श्वासच कापला गेला आणि गाणं धापा टाकायला लागलं. ते मी त्याच रात्री पुसलं. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला मूळ रेकॉर्डिंग ऐकवलं आणि म्हटलं, चित्रं बदलावी लागतील. ती बराच वेळ बोलली नाही. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला 12 चित्रं. 2 मिनिटं 10 सेकंदांच्या गाण्याला 1560. मग तिने कोरा एक्स्पोजर शीट, म्हणजे कुठल्या फ्रेमला कुठलं चित्र ते लिहायचा तक्ता, काढला आणि एकेक टिपरी ऐकून फ्रेमच्या आकड्यापुढे खूण करत बसली. आज त्या प्रसंगात पोरींचे हात ओळीच्या शेवटी किंचित अडतात, ते त्या खुणांमुळे. या कामात तिचा वाटा माझ्याहून मोठा आहे.

डब्याचं तसंच. गाणी झाली की खिरापतीचा डबा कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखायचं, हा खेळ फिल्ममध्ये होता. स्टुडिओतले तयार आवाज लावून पाहिले, सगळे पोकळ. शेवटी आजींचा पितळी डबा मागून आणला, त्यात फुटाणे, मग शेंगदाणे, मग करंज्या घालून प्रत्येक वेळी वेगळा आवाज घेतला. अल्बममधल्या चौथ्या गाण्याला ठेका त्याच डब्याचा आहे.

कागदपत्रं लवकर उरकली, पण एक सांगतो. गाणी पारंपरिक, त्यांवर कोणाची मालकी नाही. आमच्या रेकॉर्डिंगचा हक्क मात्र आमचा, आणि गाणाऱ्यांचा कलाकार म्हणून कायद्याने वेगळा हक्क असतो. एका कंपनीने सगळे हक्क कायमचे मागितले, आम्ही नाही म्हणालो. करार मराठीत लिहिला, पडवीत मोठ्याने वाचून दाखवला, सहा जणींची नावं अल्बमवर घातली. अपलोड केल्यावर महिनाभरात कोणीतरी ही आपल्या गाण्याची नक्कल आहे म्हणून हक्काचा दावा लावला. मूळ रेकॉर्डिंगच्या फायली तारखेसह पाठवल्या, तेव्हा तो निघाला. कच्च्या फायली कधी पुसू नका.

कोजागरीच्या आदल्या दिवशी डबा परत द्यायला गेलो. रिकामा देत नाहीत, म्हणून आईने आत काहीतरी भरून दिलं होतं. आजींनी झाकण न उघडता डबा कानाशी नेला, दोनदा हलवला.

"शंकरपाळे हायेत," त्या म्हणाल्या, आणि होतेही.