एक घंटी

एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एसटीत कंडक्टरला ड्रायव्हरशी बोलायला एवढं पुरतं. आमचं तर दोन वर्षं तेवढ्यावरच चाललंय. त्याच्या मेहुण्याचं मी तिकीट फाडलं, तेव्हापासून अबोला. (चूक माझी नव्हती, आजही म्हणतो.)

मे महिना, जळगाव–चोपडा, दुपारची फेरी. निम्मी तिकिटं मुक्यानंच होतात. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. त्या तर्जनी अर्धी दुमडून दाखवतात. पंचाहत्तरीपुढचे आजोबा आधार कार्ड उंच धरतात, मशीनमधून शून्याचं तिकीट निघेस्तोवर हात खाली येत नाही. शिकलेले तेवढे बोलतात, आणि सुट्टे नसतात ते त्यांच्याकडेच.

डबल बेल दिली की आमचा ड्रायव्हर हॉर्नला अंगठा टेकवतो. पोंग. तो आला की मी निर्धास्त मशीनमध्ये मान घालतो. विदगावचा तापीचा पूल गेला तोवर सगळं नेहमीचं. धानोऱ्याला डबल बेल दिली, गाडी निघाली, पोंग नाही. मग गियर खरखरला. हा माणूस गियर वाजू देत नाही; त्या बाबतीत डेपोत त्याची बरोबरी कुणी करू नये. आरशात पाहिलं तर ओठ पांढरेफटक, अन् पापणी लवत नाही.

दोन्हीकडे केळीचे मळे, थांबा कुठेच नाही. मी एकच घंटी ओढली. गाडी डाव्या अंगाला, साइडपट्टीवर, अलगद उभी राहिली.

"काय व्हयनं रे भाऊ?" मागून गलका. शर्ट घामानं चिंब, हात लटलट कापत होते. शुगरची गोळी घेतलेली, डबा न उघडलेला. मागच्या सीटवरची म्हातारी काही न विचारता पुढे आली, पदराची गाठ दातानं सोडली, प्रसादाचे साखरफुटाणे त्याच्या तळहातावर ओतले. बोटं मिटेनात, तीही तिनंच मिटवली.

रिपोर्ट लिहिताना साहेब म्हणाले, "ड्रायव्हर काय बोलला ते लिहा." काही नाही, म्हटलं. "असं कसं, काहीतरी बोललाच असेल!" घंटीची दोरी कधी न ओढलेल्या माणसाला काय सांगणार.

आता तो ड्युटीवर आलाय. पोंग येतो, अबोला तसाच. पण मला राहून राहून वाटतं, दोरीला हात घातला तेव्हाच गाडी मंदावत होती. तो माझ्या घंटीवर थांबला, की आधीच थांबत होता? विचारायचं तर बोलावं लागेल, आणि आधी कोणी बोलायचं तिथंच अडलंय.