हॉवरला ट्रिगर नको

आज दिवसभर स्टोरीलाइनमध्ये (ऑनलाइन कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर) सोयाबीन बीजप्रक्रियेच्या कोर्सची बटणं चालली होती. लातूर-धाराशिवकडच्या शेतकऱ्यांसाठीचं काम आहे. हॉवरचा, म्हणजे माऊस बटणावर आल्यावरचा, रंग बदलायचा तर बटण निवडा, टाइमलाइनशेजारच्या स्टेट्समध्ये (बटणाची वेगवेगळी रूपं) एडिट स्टेट्स, मग हॉवर. फिल, म्हणजे आतला रंग, बदला आणि डन एडिटिंग स्टेट्स दाबा. बस्स. ही तयार स्टेट आपोआप चालते. वरून ट्रिगर (अमुक झालं की तमुक कर, अशी सूचना) लावला की दोन्ही एकमेकांना नडतात, माऊस हटला तरी बटण त्याच रंगात अडकून बसू शकतं.

फिकट पोपटीवर पांढरी अक्षरं वाचताच येत नाहीत. गडद हिरवा घ्या, अक्षरं आणि मागचा रंग यांतला कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा.

आणि गावाकडं कोर्स उघडतो मोबाइलवर, तिथं माऊसच नाही. औषधाचं प्रमाण हॉवरमध्ये ठेवूच नका, क्लिकवर लेअरमध्ये (स्लाइडवर उघडणाऱ्या थरात) दाखवा.