चहापाण्याचे वीस युरो

कोल्हापुरातल्या माझ्या बँकेत एक फाईल अजून उघडी आहे. भानगड वीस युरोंची, म्हणजे त्या वेळच्या भावाने अठराशे रुपयांची. एवढ्या पैशात आमच्या फाउंड्रीत कोअर शॉपच्या पोरांचा आठवड्याचा चहा होतो. पण या वीस युरोंनी जर्मनीतली माझी कंपनी तीन आठवडे अडवली, आणि आता इकडेही मला निवांत बसू देत नाहीत.

आमची फाउंड्री शिरोली एमआयडीसीत, वडिलांनी काढलेली. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी आणि पंपाची हाऊसिंग ओतून, मशिनिंग करून आम्ही बाहेर पाठवतो. स्टुटगार्टच्या आसपासची दोन-तीन गिऱ्हाइकं अकरा वर्षांची जुनी. ऑर्डर वाढत गेली तशी त्यांची मागणीही बदलली. त्यांना आता कंटेनर नको होता. मंगळवारी फोन केला की गुरुवारी चाळीस नग दारात हवेत, बिल जर्मन कंपनीचं हवं, आणि एखाद्या बॉडीत ब्लोहोल, म्हणजे ओतताना राहिलेलं हवेचं छिद्र, निघालं तर भांडायला माणूस तिथलाच हवा. खरेदीवाल्या बाईंनी मला तोंडावर सांगितलं, तुमच्या कास्टिंगवर विश्वास आहे, पण तुमच्यावर दावा लावायला आम्ही कोल्हापूरला येणार नाही.

म्हणून 2024 मध्ये तिथे जीएमबीएच काढायचं ठरवलं. आपल्याकडच्या प्रायव्हेट लिमिटेडसारखाच प्रकार. 2008 पासून तिथे एक युरोच्या भांडवलावरही छोटी कंपनी निघते, पण तसं नावापुढे लिहावं लागतं आणि नाव वाचलं की समोरच्याला कळतं, याच्या खिशात काही नाही. जीएमबीएचला भांडवल 25,000 युरो. त्यातले निम्मे, 12,500, खात्यात जमा झाल्याशिवाय कंपन्यांच्या सरकारी रजिस्टरला नोंदणीचा अर्ज जात नाही. आमचे सीए म्हणाले, "निम्म्यात भागतंय तर पूर्ण पैसे कशाला अडकवताय?" हे वाक्य मी पुढे किती वेळा आठवलं याचा हिशोब नाही.

इथे एक सांगतो. भारतात कंपनी काढताना मी काय केलं होतं? पेन्सिलने फुल्या मारलेल्या जागी सह्या केल्या होत्या, झालं. पुढे डिजिटल सही आली तर ती यूएसबी गेली सीएंच्या ड्रॉवरमध्ये, रबरबँड लावलेल्या पंचवीस-तीस जणांच्या यूएसबींत. माझी सही माझ्यापेक्षा त्यांच्याकडेच जास्त असते, आणि याचं मला कधी नवल वाटलं नाही.

जर्मनीत नोटरीसमोर बसलो तेव्हा वाटलं. तिथला नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर छत्री लावून शिक्का मारणारा माणूस नव्हे. कायद्याचा मोठा जाणकार, आणि करारपत्रातला शब्द न् शब्द त्याने तुमच्यासमोर मोठ्याने वाचायचा, असा कायदाच आहे. वाचून झाल्याशिवाय सही नाही. मला जर्मन येत नाही, म्हणून शपथबद्ध दुभाषी लागली. साठीच्या बाई होत्या. नोटरी सत्यनारायणाची पोथी संपवायला निघालेल्या भटजीच्या वेगाने जर्मन वाचत, दर कलमाला थांबत, मग बाई तेच इंग्रजीत सांगत. मग नोटरी चष्म्यावरून माझ्याकडे बघणार: कळलं का? मी पहिल्या दोन कलमांना सवयीने मान हलवली. त्यांनी बाईंना सांगितलं, मान नको, तोंडाने 'हो' म्हणायला सांगा.

रजिस्टरच्या अर्जात मॅनेजिंग डायरेक्टरने द्यायची हमीही होती. दिवाळखोरीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही, फसवणुकीत झालेली नाही, धंदा करायला बंदी नाही. आणि भांडवलाचे 12,500 युरो खात्यात आले आहेत, ते पूर्णपणे कंपनीच्या हाती आहेत. ही हमी खोटी ठरली तर फौजदारी गुन्हा. सही मी त्याच दिवशी केली, पण पैसे आल्याचा बँकेचा कागद मिळेपर्यंत नोटरींनी अर्ज स्वतःकडेच ठेवला. पद्धत तशीच आहे. फीमध्ये काही कमी-जास्त होईल का, असं मी निघताना विचारून बघितलं. बाईंनी भाषांतरच केलं नाही. म्हणाल्या, ती कायद्याने ठरलेली असते, मी विचारत नाही.

एका अर्थी मला हे सगळं आवडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी सही केलेला कागद मला पूर्ण माहीत होता.

पुढचे दोन महिने बँक खात्यात गेले. नोटरीचा कागद असल्याशिवाय खातं नाही, खातं असल्याशिवाय भांडवल नाही, भांडवलाशिवाय रजिस्टर नाही. दोन बँकांनी कारण न सांगता नकार दिला. डायरेक्टर कोल्हापुरात राहतो हेच कारण असणार. तिसरी तयार झाली तर तिची पत्रं परत जायला लागली. का, तर गोदामाच्या पत्रपेटीवर आमच्या कंपनीचं नाव नव्हतं. तिथे पत्ता बरोबर असून चालत नाही, पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र माघारी नेतो. माझा भाचा, ताईचा मुलगा, सहा वर्षं तिकडे नोकरीला आहे. तो शनिवारी चाळीस किलोमीटर गाडी हाणत गेला आणि छापलेली पट्टी चिकटवून आला. पंधरा दिवसांत खातं उघडलं.

इकडे रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म एफसी, मग युनिक नंबर, मग पैसे पाठवायचा ए-2 फॉर्म. मी बरोबर 12,500 युरो पाठवले. 'सगळा खर्च पाठवणाऱ्याचा' यावर खूण केली, बँकेने तो खर्च घेतलाही.

दरम्यान न्हावा शेवाहून माझा कंटेनर निघाला होता. ही माझीच घाई. लाल समुद्राच्या भानगडीमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती, म्हटलं, पोचेपर्यंत कंपनी उभी राहील. जहाज हॅम्बुर्गला लागलं तेव्हा आमची कंपनी अजून 'इन ग्रुंडुंग' होती, म्हणजे पाळण्यात, नाव ठेवायचं बाकी. रजिस्टर नाही म्हणून कस्टम्सचा नंबर नाही, नंबर नाही म्हणून माल सुटत नाही. फ्री डेज, म्हणजे बंदरात भाडं न लागण्याचे दिवस, संपत आले होते.

मे महिन्यातला गुरुवार. दुपारी दीडला मी फेटलिंग शॉपमध्ये, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतात तिथे होतो, तिकडे सकाळचे दहा. भाच्याचा फोन.

"मामा, नोटरीच्या ऑफिसातून फोन होता. बारा हजार चारशे ब्याऐंशीच आलेत."

ग्राइंडरच्या आवाजात मला वाटलं, ऐकायला चुकलं. बाहेर आलो. अठरा युरो कमी. मधल्या कुठल्या तरी बँकेने वाटेत आपला वाटा काढून घेतला होता. कोणत्या, का, किती, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. सगळा खर्च मी भरलेला असताना! दोन्ही टोकांच्या बँका मधल्या बँकेकडे बोट दाखवतात, आणि मधली बँक म्हणजे तुम्ही कधीच न पाहिलेला व्याही.

"मग थांब की, मी परत पाठवतो."

"परत फॉर्म, परत तीन आठवडे. मामा, मी वीस टाकलेत आत्ताच, तुमच्या नावानं. मिनटात पोचले. टेन्शन घेऊ नका."

मी त्याला म्हटलं, शाबास. हे मी म्हटलं होतं, ते इथे लिहून ठेवतो.

तासाभराने पुन्हा फोन. आता त्याचा आवाज पडलेला. तिकडे पैसे पाठवताना कारणाचा रकाना असतो. या गाढवाने त्यात रोमन लिपीत लिहिलं होतं, चहापाणी. नोटरीच्या ऑफिसमधून ईमेल आला होता, दोन ओळींचा: या रकमेचा हेतू स्पष्ट करावा. 'चहापाणी' या शब्दाचा अर्थ कळवावा.

मी ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं. आता काय कळवायचं?

भाच्याचं म्हणणं, "लिहू की, चहा आणि पाणी." मी म्हटलं, अरे, मग ते भांडवल कसं होईल? खाण्यापिण्याला दिलेले पैसे भांडवलात मोजतात होय? मग तो म्हणाला, "लिहू की आपल्याकडे एखाद्याचं काम करून दिलं की देतात ते." एवढं बोलून तो स्वतःच गप्प झाला. जर्मन नोटरीला, रजिस्टरच्या कामात, लेखी कळवायचं की आमच्या भागात काम होण्यासाठी जे देतात त्याला हा शब्द आहे! मॅनेजिंग डायरेक्टरवर फसवणुकीचा गुन्हा नाही, अशी हमी त्याच फाईलीत वरच्या पानावर.

पाऊण तास आम्ही मामा-भाचे एका शब्दावर बसलो होतो. बाहेर भट्टीतला रस ओतायला तयार होता, सुपरवायझर दोनदा काचेतून डोकावून गेला. शेवटी मी सांगितलं, खरं लिही. हा घरातला विनोद आहे, पैसे माझ्या भांडवलापोटी आहेत, पाठवणारा माझा भाचा आहे.

उत्तर वीस मिनिटांत आलं. तिकडे सरकारदरबारी कागद हळू चालतात, पण 'नाही' म्हणायला कुणी उशीर लावत नाही. विनोदाची नोंद घेतली. पण लिहिलेल्या कारणावरून ही रक्कम भांडवल म्हणून दाखवता येत नाही. योग्य कारण लिहून रक्कम पुन्हा जमा करावी. भाच्याने आणखी वीस टाकले, 'भाग भांडवल' आणि माझं पूर्ण नाव, अक्षर न् अक्षर पासपोर्टप्रमाणे. पण बँकेचा नवा कागद यायला दिवस गेले, मध्ये सुट्ट्या आल्या, अर्ज गेला, रजिस्टर नंबर मिळायला आणखी दिवस. कंटेनर हॅम्बुर्गला एकोणीस दिवस उभा राहिला. त्याचं भाडं किती झालं ते बायकोलाही सांगितलेलं नाही.

नंबर मिळाल्याच्या आठवड्यात गोदामावर सरकारी वाटावीत अशी, गरुडाची चित्रं छापलेली पाच बिलं आली. रजिस्टरची नोंद छापण्याची फी म्हणून. सगळी खोटी. नव्या कंपन्यांची नावं जाहीर होतात, त्यावरून लुटारू पाठवतात, असं नोटरींनी आधीच बजावलं होतं. भाच्याने तरी एक भरायला घेतलं होतं.

आता कोल्हापूर. गुंतवणूक केली की सहा महिन्यांत तिचा पुरावा बँकेत द्यायचा. अधिकारी तरुण, कामाला चोख. म्हणाले, शेअर सर्टिफिकेट आणा. जीएमबीएचमध्ये शेअर सर्टिफिकेट नसतंच. रजिस्टरमध्ये भागधारकांची यादी असते, तीच काय ती. मी यादी दिली, भाषांतरासह. ती उलटून-पालटून बघून ते म्हणाले, "बरोबर आहे सर, पण सर्टिफिकेट कुठाय?" पाच खेपा झाल्या. पाचव्या खेपेला मी जर्मन कायद्याचं कलम छापून नेलं. त्यांनी ते फाईलला लावलं आणि विचारलं, "आणि सर्टिफिकेट?" त्यांना दोष देत नाही. त्यांच्या यादीत तो रकाना आहे, आणि रकाना रिकामा ठेवला तर ऑडिटर त्यांना विचारणार.

मागच्या आठवड्यात सहावी खेप. आता त्यांना जर्मन खात्याचा उतारा हवा होता, कारण पाठवले 12,500 आणि पोचले 12,482, तर उरलेले भांडवल कुणी भरलं? भारताबाहेरच्या माणसाने भरलं असेल तर ते कर्ज की बक्षीस? प्रश्न अगदी रास्त आहे. मला त्याचं उत्तर येत नाही. भाचा पैसे परत घ्यायला तयार नाही, म्हणतो, मामा, चाळीस युरो काय मागे घ्यायचे. तिकडच्या कर सल्लागाराने पहिले वीस ताळेबंदात भाच्याचं देणं म्हणून दाखवलेत. दरवर्षी ती ओळ छापून येणार.

अधिकारी उताऱ्यावरून बोट फिरवत खाली आले. जर्मन त्यांना येत नाही, म्हणून बोट प्रत्येक ओळीवर थांबत होतं. एका ओळीवर ते थांबलं ते उचललंच नाही. त्यांनी शेजारच्या टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणला.

"सर, हे चहापाणी... जर्मनीत कुणाला दिलं?"

"दिलं नाही साहेब," मी म्हटलं, "आलंय."

त्यांनी फाईल मिटली आणि मॅनेजरच्या केबिनकडे गेले. जाताना दार ओढून घेतलं. मी बाहेर बाकावर बसलो. शिपायाने चहा आणून दिला.