रात्री दोन वाजता कोण असतं?

आत्याला शुश्रूषा केंद्रात ठेवायचं ठरलं तेव्हा घरातला प्रत्येक जण एकच विचारत होता, "जागा कशी आहे?" जागा म्हणजे बाग, ऊन, खोलीचा रंग, बाहेर बसायला बाकडं. आत्याची सगळी नोकरी जांबोटी भागातल्या मराठी शाळांत गेली, झाडं तिला हवीच असतात, हे मला ठाऊक आहे. पण जिची उजवी बाजू गेली आहे, जिला साखर आहे, जिला स्वतःहून कूस बदलता येत नाही, तिचा जीव बागेवर अवलंबून नसतो. तो रात्री दोन वाजता जागं असणाऱ्या माणसावर अवलंबून असतो. म्हणून बेळगावात आणि आसपास मी जिथं जिथं चौकशीला गेले तिथं पहिला प्रश्न हाच घातला.

"रात्री सिस्टर असतात की!" हे उत्तर सगळीकडं मिळतं. खरी चौकशी त्याच्या पुढं सुरू होते. किती जणांमागं एक? ती नर्सिंग शिकलेली आहे, की कामावर शिकून तयार झालेली मावशी? मावशीबद्दल माझं काही म्हणणं नाही, चांगल्या मावशीसारखी सेवा शिकलेल्यांनाही कित्येकदा जमत नाही. पण इन्सुलिन कोण टोचतं आणि साखर उतरली तर कोण ओळखतं, हे कळायला हवं. आणि शेवटी विचारायचं, ती झोपते कुठं? एका ठिकाणी व्यवस्थापकांनी अगदी मोकळेपणानं सांगितलं, खाली ऑफिसात. अंथरुणाला खिळलेली माणसं वरच्या मजल्यावर, आणि खाटेपाशी बेल नाही. तिथला चहा पिऊन मी निघाले.

हे मी इतकं का धरून बसले ते सांगते. आत्याला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा डॉक्टरांनी समजावलं होतं की मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे तास मोजतात ते माणूस शेवटचं ठीक दिसलं त्या वेळेपासून. म्हणजे रात्री दहाला दिवा मालवला आणि सकाळी सहाला चहा घेऊन कुणी आलं, तेव्हा तोंड वाकडं दिसलं, तर दहापासूनचा हिशोब लागतो आणि ती संधी बहुतेक हातची गेलेली असते. मध्ये दोनदा कुणी नीट डोकावलं असतं तर गोष्ट वेगळी. शिवाय तिथून १०८ ची रुग्णवाहिका बोलावली तर नेहरूनगरच्या केएलई हॉस्पिटलला किंवा सिव्हिलला पोचायला किती वेळ लागतो, वाटेत रेल्वे गेट आहे का, सोबत केंद्राचं माणूस जातं का, हेही आधीच विचारायला हवं. बेळगावचा जुलैमधला पाऊस आणि बंद गेट एकत्र आले तर काय होतं हे इथल्या कुणाला सांगायला नको.

मी एका सोसायटीत कारकून आहे. दिवसभर नोंदवह्याच बघते, त्यामुळं केंद्रात गेल्यावर माझी नजर आधी वहीकडं जाते. एका खाटेच्या पायथ्याशी क्लिपला तक्ता लावलेला होता. दर दोन तासांनी पेशंटला कुशीवर वळवायचं, वेळ लिहायची, सही करायची. तक्ता छान भरलेला होता. सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनाच्या, एकाच हाताच्या, एकाच दाबाच्या. दुपारचे चार वाजले होते आणि सह्या रात्री दहापर्यंत झालेल्या होत्या. त्या खाटेवरच्या आजी मात्र उताण्या होत्या, आणि मी आत शिरल्यापासून निघेपर्यंत उताण्याच होत्या. याउलट दुसऱ्या एका ठिकाणी वही चहाच्या डागांनी भरलेली. मध्ये एका रकान्यात "वळू देत नाहीत, परत बघणे" असं कन्नडमध्ये लिहिलेलं आणि पाऊण तासानं वेगळ्या अक्षरात "वळवलं". मला त्या डागाळलेल्या वहीवर विश्वास बसला. खरी नोंद अशीच असते, तिच्यात अडचण दिसते.

वळवण्याचं इतकं महत्त्व कशासाठी, हे ज्यांच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस नाही त्यांना पटकन कळत नाही. माकडहाड, खुबे, टाचा, कधी कानाची पाळ, जिथं हाड कातडीच्या जवळ आहे तिथं सतत दाब पडला की रक्त पोचत नाही. सुरुवातीला फक्त लालसर डाग दिसतो. त्यावर बोट दाबून सोडलं आणि तो फिका पडला नाही, तर समजावं की जखम आतून सुरू झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, तिथं हात लावून बघावं लागतं, आजूबाजूपेक्षा जागा गरम, टणक किंवा वेगळी लागते. म्हणून भेटायला गेल्यावर आत्याच्या पायावरचं पांघरूण मी स्वतः काढते आणि टाचा बघते. दाखल केलं त्या दिवशी तिची पाठ, कंबर आणि दोन्ही टाचांचे फोटो तिथल्या सिस्टरांसमोर काढले, तारखेसह त्यांच्या वहीत नोंद करून घेतली. यात त्यांच्यावर अविश्वास नव्हता, त्यांनाही ते बरंच वाटलं. उद्या जखम दिसली तर ती घरून आली की इथं झाली यावर भांडत बसायला नको.

हवेची गादी आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. ती गादी पंपावर चालते. करंट गेला तर पंप इन्व्हर्टरवर आहे का, हे विचारल्यावर दोन ठिकाणी लोक एकमेकांकडं बघू लागले.

जेवण बघायचं म्हणजे मेनू बघायचा नाही, भरवताना बघायचं. मी मुद्दाम दुपारी साडेबारा-एकच्या सुमाराला जायची. एका केंद्रात एक पोरगा आडव्या झोपलेल्या आजोबांना चमच्यानं पेज भरवत होता. पोरगा प्रेमळ होता, आजोबांशी गप्पा मारत होता. पण झटका आलेल्या माणसाची गिळायची ताकद बऱ्याचदा कमी झालेली असते, त्यात आडवं झोपवून पातळ पदार्थ दिला की तो श्वासनलिकेत उतरू शकतो आणि छातीत न्युमोनिया होऊ शकतो. आजोबांना ठसका लागला, त्यानं पाठ चोळली आणि पुढचा चमचा भरला. उठवून बसवून भरवायचं आणि नंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. दोष त्या पोराचा नाही, शिकवायचं काम ज्यांचं होतं त्यांचा आहे.

इन्सुलिनचंही तसंच. सातला टोचलं आणि नाष्टा नऊला आला, तर साखर उतरायची भीती. धडधाकट माणूस घाम आला, चक्कर येते म्हणून सांगेल. आत्याची जीभ जड झाली आहे, ती नुसती गप्प होते. "नाष्टा किती वाजता" आणि "इन्सुलिन किती वाजता" हे दोन प्रश्न मी दोन वेगळ्या माणसांना विचारते आणि उत्तरं जुळतात का बघते.

बोलण्याचा प्रश्न आमच्या भागात वेगळाच आहे. आत्याला कन्नड उत्तम यायचं, पंचायतीची कागदपत्रं ती गावाला वाचून दाखवायची. झटक्यानंतर कन्नड गेलं, मराठीतले मोजके शब्द उरले. केंद्रांतून काम करणाऱ्या पोरी गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या, काही खानापूर-चंदगडच्या. नर्स कधी केरळच्या. मला कुठल्याच भाषेचा अभिमान तिथं न्यायचा नव्हता. फक्त प्रत्येक पाळीत, रात्रीच्याही, एक तरी माणूस असं हवं होतं की आत्यानं "दुखतंय" म्हटलं तर त्याला कळेल आणि कुठं दुखतंय हे तो विचारू शकेल. नाहीतर दुखणं सांगता न आलेलं माणूस ओरडतं, आणि ओरडणाऱ्याला झोपेची गोळी मिळते. "रात्री ओरडल्या तर काय करता?" यावर "गोळी देतो" असं चटकन उत्तर आलं, तर कुठल्या डॉक्टरनं लिहून दिली ते विचारायलाच हवं. खाटेच्या दांड्याला बांधलेली कापडाची पट्टी दिसली तरी हेच विचारावं.

बाथरूमचा उंबरा, धरायला दांडी, पावसाळ्यात ओल्या फरशीवर काय टाकतात, हे तर बघालच. त्याबरोबर रात्री मुख्य दाराला कुलूप लागतं त्याची किल्ली कुठं असते, तेही विचारा. विसरभोळी माणसं बाहेर जाऊ नयेत म्हणून कुलूप हवं, आणि आग लागली तर ते क्षणात निघायला हवं.

कागदांचं थोडक्यात. जिथं वैद्यकीय उपचार आणि नर्सिंग देतो म्हणून सांगतात, तिथं कर्नाटकचा २००७ चा खाजगी वैद्यकीय आस्थापना कायदा लागू होतो. नोंदणीचं प्रमाणपत्र आणि दरपत्रक भिंतीवर दिसायला हवं. नुसत्या राहण्या-जेवणाच्या वृद्धाश्रमाची गोष्ट वेगळी, तिथं उपचारांची अपेक्षा धरून अंथरुणाला खिळलेलं माणूस ठेवू नये. सीमेपलीकडं चंदगड-गडहिंग्लज बाजूला ठेवलं तर कायदा महाराष्ट्राचा, १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा. आयुष्मान कार्ड हॉस्पिटलात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी असतं, केंद्राचं महिन्याचं बिल त्यात बसत नाही. डायपर, औषधं, फिजिओथेरपी महिन्याच्या रकमेत आहेत की वेगळी, हे लिहूनच घ्या. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाईन फुकट आहे, तो नंबर मोबाईलमध्ये असू द्या.

आत्याला मूल नाही. खर्चाची गोष्ट निघाली तेव्हा एक-दोघं म्हणाले, आपला काय संबंध. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात हे स्वच्छ लिहिलंय, निपुत्रिक ज्येष्ठाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला वारसानं मिळणार आहे, त्यानं त्यांचा सांभाळ करायचा. यळ्ळूरच्या शेतात वाटा सगळ्यांना हवा आहे. मी ते कलम छापून सगळ्यांच्या हातात दिलं, आणि त्यानंतर महिन्याची रक्कम वाटून घ्यायचं ठरलं.

पुण्याचा दादा अजूनही म्हणतो, तिकडं मोठी केंद्रं आहेत, चोवीस तास डॉक्टर असतात. असतीलही. पण तिथं आम्ही महिन्यातून एकदा, कळवून जाणार. इथं ऑफिस सुटल्यावर मी वाटेत उतरते, कधी सहाला, कधी आठला, न सांगता. पाहुण्यांना वेळ ठरवून यायला लावणारी केंद्रं मी यादीतून काढूनच टाकली होती. सध्याच्या केंद्रात भेटायला वेळेचं बंधन नाही, दारावरचा माणूस वही पुढं करतो, सही केली की आत.

रात्रपाळीची मावशी सौंदत्तीकडची आहे. यल्लम्माच्या यात्रेला ती दरवर्षी गावी जाते आणि जायलाच हवं, वर्षभर रात्री जागणाऱ्या बाईला तेवढी सुट्टी हक्काची आहे. तिच्या जागी कोण येणार हे मी आत्ताच विचारून ठेवलंय. बदलीची बाई आधी काही रात्री तिच्याबरोबर काम करेल, आत्याला वळवायची पद्धत, उशी कुठं लावायची, पेज किती दाट हवी, हे तिच्याकडून शिकून घेईल, असं त्यांनी कबूल केलंय. पहिल्या रात्री मीही जाणार आहे.