तुम्ही विचारलंत म्हणून: पोलादापेक्षा मजबूत, मग पूल का नाही?

कार्बन नॅनोट्यूबच्या, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या, शीटवर काम करते म्हटलं की हमखास विचारतात, ‘पोलादाच्या शंभरपट मजबूत असते ना? मग तिचे पूल, विमानं का बांधत नाहीत?’

शंभरपटीची गोष्ट एकट्या, निर्दोष नळीची आहे. शीटमध्ये अशा असंख्य नळ्या असतात आणि त्या एकमेकींना धरून असतात त्या बहुतांशी रेणूंमधल्या क्षीण, ‘व्हॅन डर वाल्स’ आकर्षणावर. शीट ओढली की नळ्या तुटायच्या आधीच एकमेकींवरून घसरतात. नळ्या एका दिशेला लावून, घट्ट दाबून, रेझिन (सुकून घट्ट होणारा चिकट पदार्थ) भरून ताकद वाढवता येते, पण एकट्या नळीच्या जवळपासही पोहोचत नाही.

म्हणून उपयोग नाही? तसं मुळीच नाही. माझ्या मते ताकदीच्या नादात या शीटचा खरा गुण बाजूला पडतो: तिला वजन जवळजवळ नाही, ती वीज वाहते आणि क्षणात तापून क्षणात निवते.

ती तयार होताना पाहण्यासारखी असते. सपाट चकतीवर नळ्यांचं दाट रान उभं वाढवतात, उंची मिलिमीटरच्याही आत. त्याच्या कडेला चिकटपट्टी लावून ओढलं, की एक नळी शेजारणीला घेऊन निघते आणि पारदर्शक पडदा उलगडत जातो. डॅलसच्या टेक्सास विद्यापीठातल्या रे बॉमन यांच्या गटाने 2005 मध्ये एक सेंटिमीटर रानातून सुमारे तीन मीटर पडदा काढून दाखवला. तो 18 मायक्रॉन जाड होता. अल्कोहोलने भिजवून सुकवला की 50 नॅनोमीटरवर, म्हणजे एका मायक्रॉनच्या विसाव्या भागावर येतो!

असल्या पडद्यात उष्णता साठायला जागाच नाही. 2008 मध्ये बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच्यातून आवाज काढला. नेहमीच्या स्पीकरमधलं ना चुंबक, ना त्यातला थरथरणारा पडदा. प्रवाह कमी-जास्त झाला की शीट तापते-निवते, लगतची हवा प्रसरण-आकुंचन पावते, तोच आवाज. गंमत अशी, की प्रवाह कुठल्याही दिशेने गेला तरी शीट तापतेच, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाच्या एका फेरीत दोनदा, म्हणून आवाजाची वारंवारता दुप्पट होते. मूळ सूर हवा असेल तर सोबत स्थिर प्रवाह सोडावा लागतो. कार्यक्षमता कमी आहे, तरी ही कल्पना मला फार आवडते.

अंतराळात वजन वाचवणं महत्त्वाचं. 2011 मध्ये गुरूकडे निघालेल्या ‘जूनो’ यानावर स्थिर विजेपासून संरक्षणासाठी नॅनोट्यूबचीच शीट वापरली आहे.

मला सर्वांत जास्त आशा आहे ती कंपोझिटच्या, म्हणजे धागे आणि रेझिन मिळून बनणाऱ्या पदार्थांच्या, कारखान्यातल्या उपयोगाची. विमानाचे असे भाग पक्के करायला अख्खी भट्टी तापवावी लागते. अमेरिकेच्या एमआयटी या विद्यापीठातल्या ब्रायन वॉर्डल यांच्या गटाने 2015 मध्ये भागावर नॅनोट्यूबची फिल्म पसरून तिच्यातूनच वीज सोडली. उष्णता थेट रेझिनला मिळाली आणि भट्टीच्या मानाने सुमारे शंभरावा हिस्सा ऊर्जा लागली. शिवाय असा थर भागातच राहू दिला तर पुढे पंखावरचं बर्फ वितळवायला कामी येऊ शकतो आणि आत तडा गेला तर त्याचा विद्युतरोध बदलून इशाराही देऊ शकतो. पुलाऐवजी हे विचारलंत, तर मी तासभर बोलेन.