आमची वाटचाल : मासे विकता विकता पाण्याकडे

परळला आमचं दुकान सुरू झालं ते गप्पी, मॉली, गोल्डफिशवर. कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारातून माल आणायचा आणि आठवडाभर विकायचा. समुद्री टाक्या नंतर घेतल्या, त्याही गिऱ्हाइकांच्या आग्रहामुळे. पालिकेचं पाणी चांगलं, दिवसभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो, मग मीठ घालायचं. आमचं ज्ञान एवढंच होतं.

गिरगावच्या एका काकांना आम्ही टाकी लावून दिली. क्लाउनफिशची जोडी, दोन क्लीनर कोळंब्या, थोडी मऊ प्रवाळं. एका संध्याकाळी काकांचा फोन आला, "कोळंब्या उलट्या पडल्यात रे. मासे मात्र मजेत आहेत." धावत गेलो. खारटपणा ठीक, अमोनिया शून्य. प्रवाळं मिटून बसलेली. काकूंनी पाणी दिलं तेव्हा स्वयंपाकघरातलं नवं प्युरिफायर दिसलं. त्यावर लिहिलं होतं : तांब्याचे गुण असलेलं पाणी.

टाकीतलं उडून गेलेलं पाणी काका त्यातूनच भरत होते. मासे थोडं तांबं सोसतात. समुद्री माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर औषध म्हणूनही ते देतात. कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना मात्र ते विषच. टीडीएस मीटरवर त्या पाण्याचा आकडा जेमतेम 70 होता. पाण्यात किती विरघळलंय याचा अंदाज मीटर देतो, काय विरघळलंय ते नाही. घरचं आरओ चालेल, असं काकांना आम्हीच सांगितलं होतं. खडक आणि वाळू तांबं धरून ठेवतात, म्हणून दोन्ही आमच्या खर्चाने बदलून दिली.

त्यानंतर दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही स्वतःचं यंत्र बसवलं. आधी गाळ अडवणारा स्पन फिल्टर, मग कार्बन (आरओचा बारीक पडदा, म्हणजे मेंब्रेन, क्लोरीनने खराब होतो, म्हणून कार्बन आधीच हवा), मग मेंब्रेन, शेवटी उरलेसुरले क्षार धरणारं रेझिन. बाहेर पडणारं पाणी शून्य टीडीएसचं. मीटरने 1 दाखवला की रेझिन बदलतो; त्यात काटकसर करत नाही. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं आणि पांढरा स्पन बघता बघता चॉकलेटी होतो, तेव्हा तोही लवकर काढतो. बोअरवेल किंवा टँकरवाल्या सोसायट्यांचं पाणी आधी तपासल्याशिवाय टाकीची ऑर्डर घेत नाही.

चौपाटीवरून पाणी आणू का, असं अजूनही विचारतात. आम्ही नाही म्हणतो. किनाऱ्याला शहराचं सांडपाणी मिसळतं, पावसात खारटपणाही उतरतो. त्यापेक्षा शुद्ध पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम समुद्री मीठ घालून दिवसभर पंपाने ढवळावं. रोजची तूट मात्र बिनमिठाच्या पाण्यानेच भरावी, कारण उडतं ते पाणी. मीठ टाकीतच राहतं.

काकांकडे दर शनिवारी 20 लिटरचा कॅन जातो. टाकी सावरल्यावर नव्या कोळंब्या सोडल्या. महिन्याभरात पुन्हा फोन, "अरे, एक मेली रे!" जाऊन पाहिलं तर वाळूवर नुसती कात पडली होती, पारदर्शक, मिशांसकट. कोळंबी खडकामागे होती, आधीपेक्षा थोडी मोठी.